साक्षीची लेझीम उशिरा थांबते

शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजली, सगळ्या लेझमी गप्प झाल्या आणि मागच्या रांगेतून एकटीच 'खळ्ळ' वाजली, तर तुम्ही हसता की नाही? खरं सांगा. मैदानाच्या कडेला उभी राहून मी हसणारी तोंडं पुष्कळ पाहिली आहेत.

ती 'खळ्ळ' साक्षीची. कोरेगावजवळच्या एका गावातली, सहावीतली पोर. पाढे तोंडपाठ. गोष्ट सांगायला बसली की आजी राहीबाईची तव्यावरची भाकरी करपते. पण शर्टाचं बटण लावताना बोटं आपसात भांडतात, आणि पळायला लागली की थांबता थांबत नाही. भिंत आडवी आली तर भिंतीवर. पोरांनी नाव ठेवलंय, 'बिनब्रेकची'.

मी अशा मुलांच्या आईबापांबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढते. कॉलेज केलं नाही, जे शिकले ते त्याच पायऱ्यांवर. साक्षीला आणि तिच्या आईला, राणीला, मीच सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट तपासून सांगितलं, हातपाय धड आहेत, डोकं तल्लख आहे, फक्त हालचालींचा मेळ घालणं हिला जड जातं. त्यातही सुरू झालेली हालचाल एकदम रोखणं जास्त जड. म्हणजे पोर हट्टी नाही. तिला थांबायचंच असतं, पण अंगाला ते उशिरा कळतं.

हे तिच्या बापाला कोण समजावणार? तानाजी फौजेत. दिवाळीच्या सुट्टीवर आला तो ट्रंकेतली शिट्टी गळ्यात अडकवूनच.

"फौजीची पोर हाय तू! शिट्टी वाजली की जागच्या जागी खिळा!"

अंगणात कवायत सुरू झाली. शिट्टी वाजायची आणि साक्षी पुढंच जायची. एकदा तर थेट वाळत घातलेल्या शेंगांत जाऊन पडली.

"आरं, पोर हाय का पलटण?" राहीबाई ओसरीवरून कडाडली. "शाळंत जायाला लागलास तरी विजारीची नाडी मलाच बांधाय लावायचास. इसरलास व्हय?"

तानाजी चिडला. शिट्टी काढून फेकली आणि सवयीनं छातीतून आवाज काढला, "परेऽऽऽड... थम!"

साक्षी थांबली. जिथल्या तिथं.

तानाजी बघतच राहिला. "परत कर गं." ती परत थांबली.

फौजेत हुकूम दोन तुकड्यांत देतात. आधी लांबवलेलं 'परेऽऽड', म्हणजे सावध. मग 'थम'. त्या लांबवलेल्या आवाजात साक्षीच्या अंगाला तयारी करायला सवड मिळत होती. दर वेळी जमतं असं मी म्हणणार नाही. पण शिट्टीपेक्षा पुष्कळ जास्त जमतं. त्या दिवशी अंधार पडेस्तोवर बापलेक अंगणात लेझीम खेळले.

"पप्पा, सव्वीस जानेवारीला मी रांगेत!"

"तवा मी न्हाई गं यायचो. आईला फोनवर शूटिंग कराय सांग. मी तिकडं बघतो."

सुट्टी संपली, तानाजी गेला. शिट्टीआधी एक लांब आवाज द्या, हे सांगायला मी शाळेत गेले. लेझीम बसवणारे जयराज सर म्हणाले, "ताई, शिट्टी म्हणजे शिट्टी. एकीसाठी सगळ्यांची पद्धत बदलू?"

"सर, बैल थांबवायचा तरी आधी 'होऽऽ' म्हणता. पोरीला तेवढंही न्हाई?"

"पाहुणे येणार असतात. शेवट घट्ट दिसायला पाहिजे." मग माझं तोंड बघून म्हणाले, "बघतो."

ते अजून बघतच आहेत. साक्षीला त्यांनी कडेला उभी राहायची परवानगी दिलीय, पण वाजवायचं नाही. म्हणून तिनं लेझमीच्या चकत्यांना रुमाल गुंडाळून गाठ मारलीय. रांग पुढं गेली की ती पुढं, रांग वाकली की ती वाकते. आवाज नाही.

घरी आल्यावर ती राणीचा फोन घेते. तानाजीनं जाण्याआधी त्यात स्वतःचा आवाज भरून ठेवलाय, सरावासाठी. 'परेऽऽऽड' एवढं झालं की साक्षी बोटानं तो थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. लेझीम हातात नसली तरीसुद्धा.

"आगं, फुडचं ऐक की," राणी म्हणाली.

"नको. 'थम' झालं की पप्पांचा आवाज संपतो."

राणीनं फोनचा आवाज वाढवून दिला.

सव्वीस जानेवारी तोंडावर आलीय. तिकडं बाप फोनची वाट बघणार, इकडं पोर रांगेतल्या जागेची. प्रत्येक शाळेत अशी एखादी साक्षी असते, तुमच्याही असेल. तुमच्या गळ्यात शिट्टी असेल, तर ती वाजवायच्या आधी एकदा लांब आवाजात 'आताऽऽऽ' म्हणा. जयराज सर, तुम्हीही म्हणा. आणि तरीही एखादी 'खळ्ळ' मागं राहिली, तर हसू नका. त्या रुमालाची गाठ सुटू द्या.