चरापलीकडचा मूस

राइली कोमुलाइनेनने नोकरीची सगळी वर्षं कोर्पिवारा गावात टपाल वाटण्यात घालवली. त्यामुळे कुणाचा कुत्रा चावरा, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, आणि कुणाचं जंगल कुठं संपून कुणाचं सुरू होतं, हे तिला तोंडपाठ होतं. निदान तिचा तरी तसा ठाम समज होता. शिकारीला निघाल्यावर बाकीचे फोनवरच्या नकाशात हद्दी बघत चालायचे, तेव्हा ती नाक मुरडायची. माझ्या गावाची हद्द मला आता फोन शिकवणार का, असं म्हणून आपला फोन कोटाच्या आतल्या खिशात ढकलून द्यायची. याच तोऱ्याने पुढे तिची चांगली जिरवली.

राइली गावच्या शिकार मंडळाची प्रमुख होती. मूस म्हणजे घोड्याहून उंच, फताड्या शिंगांचं रानहरीण. किती मूस मारायचे याचे परवाने सरकार दरवर्षी मोजून देतं, आणि त्या परवान्यांपेक्षा राइलीची शिस्त कडक होती. शेकोटीजवळ भरलेली बंदूक घेऊन कुणी बसला, तर मग तो साठीचा का असेना, त्याला ती शाळेतल्या पोरासारखी घरी पाठवायची. तिचा नवरा ओस्मो मात्र आयुष्यात कधी बंदुकीला शिवला नव्हता. गळाला मासा लागला तरी हा गडी त्याची माफी मागेल, असं राइलीच सांगायची. पण हंगाम संपला की नोव्हेंबरात मंडळ जे गावजेवण घालायचं, त्याचा हंडा ओस्मोच्याच ताब्यात असायचा. ज्यांच्या जंगलातून आपण बंदुका घेऊन हिंडतो, त्यांना वर्षातून एकदा मुसाच्या मांसाचं सूप पोटभर जेवू घालायचं, अशी ही जुनी रीत.

त्या वर्षी वसंतात शेजारच्या तालुक्यात एक ओंगळ प्रकार झाला. दोघा जणांनी गाडीतून दिव्याचा झोत टाकून रस्त्याकडेची मुसाची गाभण मादी मारली, मागचे दोन पाय कापून नेले आणि बाकीचं धूड तसंच खड्ड्यात टाकून दिलं. ते कुणाला सापडले नाहीत. पेपरात फोटो आला आणि वर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘शिकाऱ्यांचं क्रूर कृत्य’. ‘चोरटे’ हा शब्द खाली कुठंतरी बारीक टायपात होता, आणि तिथपर्यंत वाचतो कोण? तेव्हापासून शिकारीची नारिंगी टोपी घालून दुकानात गेलं की बोलणारी माणसं गप्प व्हायला लागली.

सगळ्यात मोठा दणका दिला तो लेम्पीबाईंनी. लेम्पी कार्पिनेन ही गावची जुनी शिक्षिका. अर्ध्या गावाला तिने हात धरून अक्षरं गिरवायला शिकवली होती, राइलीलासुद्धा. आता ऐंशी ओलांडली तरी तिच्यासमोर लोकांचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे. तिचं जंगल मंडळाच्या रानाच्या अगदी मधोमध होतं. बाईंनी जंगलात शिकार करू देण्याचा मंडळाशी असलेला करार मोडला आणि हद्दीवरच्या झाडांवर स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पाट्या ठोकल्या, ‘इथं शिकार करू नये’. अक्षर फळ्यावर काढल्यासारखं सुरेख.

राइली बाईंना दुकानात गाठून तावातावाने सांगायला लागली, की ते चोर आणि आम्ही यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आम्ही परवाना घेतो, परीक्षा देतो, पिल्लाच्या आईला मारत नाही, जखमी जनावर टाकून येत नाही.

बाईंनी पिशवीत दूध ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “मूस मेल्यावर त्याला हा फरक कळतो का गं, राइली?”

घरी येऊन राइलीने ओस्मोला दहा उत्तरं ऐकवली, पण तिथं ऐकायला बाई नव्हत्या.

प्रश्न फक्त अपमानाचा नव्हता. मुसाचे परवाने मिळायचे तर मंडळाकडे एकसलग मोठं रान लागतं. बाईंच्या जंगलाची मधली पट्टी निघून गेल्यावर रानाचे दोन तुकडे पडले होते. हे वर्ष जुन्या परवान्यांवर निभावलं, पण पट्टी परत मिळाली नाही तर पुढच्या वर्षी मंडळाला कुलूप. राइलीच्या बापाने उभं केलेलं मंडळ तिच्या हातून बुडणार, हे तिला आतून खात होतं.

हंगामाचा शेवटचा परवाना उरला होता. त्यावर मारायच्या मुसाचं मांस गावजेवणाला जायचं होतं. आठवडाभराच्या जाड बर्फावर सकाळी आणखी भुरभुर बर्फ पडून गेलं होतं. राइलीची करडी कुत्री पिकी मुसाच्या मागावर सुटली आणि थोड्याच वेळात लांबून तिचं एकसुरी भुंकणं ऐकू यायला लागलं, म्हणजे तिने नराला अडवून धरलं होतं. राइली वाऱ्याच्या उलट अंगाने पुढे सरकली. त्या बाजूला बाईंच्या हद्दीचा चर जिथं वळतो तिथं पाइनचं एक वाळकं जुनं झाड होतं, तीच तिची कायमची खूण. ते पाइन काही दिसलं नाही, म्हणजे चर अजून पुढे आहे असं तिने धरलं. वाटेत एक बर्फाने भरलेली घळ ओलांडली, तिच्याकडे लक्षही दिलं नाही. मूस आडवा उभा राहिला. राइलीने एकच गोळी झाडली आणि तो जागच्या जागी कोसळला. अशी साफ शिकार तिच्या हातून कित्येक वर्षांत झाली नव्हती.

ती जवळ गेली, टोपी काढून क्षणभर उभी राहिली, आणि मान वर केली तर समोरच्या झाडावर सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, ‘इथं शिकार करू नये’.

वाळकं पाइन शरदातल्या वादळात आडवं झालं होतं. ते चराकाठी बर्फाखाली निजलं होतं आणि राइली त्याच्यावरूनच चालत आली होती. पिकी शेपूट हलवत शाबासकीची वाट बघत होती. तिला बिचारीला वाचता येत नव्हतं. राइलीला येत होतं, आणि तेही ज्या बाईंनी पाटी लिहिली त्यांनीच शिकवलं होतं.

जंगलात चालणारी चारचाकी घेऊन तार्मो आला. तार्मो लोहारकाम करणारा, मंडळातला सगळ्यात दांडगा गडी, मनाने चांगला पण अंमळ घाईचा. गाडी चराच्या अलीकडे थांबवून तो चालत आला, मुसाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि परत जाऊन गाडीला गुंडाळलेला दोर सोडून मुसाकडे ओढत आणायला लागला.

“ओढून घेऊ,” तो म्हणाला. “चर ओलांडला की आपलाच.”

“आणि हे रक्त?”

“संध्याकाळी पुन्हा बर्फ आहे. झाकून जाईल सगळं. इथं कोण बघतंय, राइली? आणि तू बाईंना सांगितलंस तर काय होईल माहितीय ना? बाई म्हणतील, मी म्हणत नव्हते? मग पट्टी विसरा, मंडळ विसरा.”

तो म्हणत होता ते खरंच होतं. राइलीला ते इतकं पटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. ती चराकाठी जाऊन आडव्या पाइनवरचं बर्फ सारून बसली. मंडळ वाचवायचं तर गप्प बसायला हवं होतं, आणि गप्प बसलं की वाचवण्यासारखं काय उरणार होतं? तिला स्वतःचा असा राग आला, की खिशातला फोन काढून फेकून द्यावासा वाटला. पण तो आता लागणार होता.

“त्या दोघांनीपण खड्ड्याजवळ उभं राहून हेच म्हटलं असेल रे,” ती म्हणाली. “इथं कोण बघतंय. गुंडाळ तो दोर.”

तार्मोने कुरकुरत दोर गुंडाळला. राइलीने पोलिसांना फोन लावला. तालुक्याहून आलेला हवालदार स्वतः शिकारी होता. तो अवघडून म्हणाला, की बर्फात हद्द चुकते, तुमची खात्री आहे ना? राइलीने त्याला पाटी दाखवली आणि लिहून घ्यायला सांगितलं. मूस सरकारजमा झाला.

मग ती रक्ताने माखलेल्या विजारीतच बाईंच्या दारात गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं. फक्त तार्मोच्या दोराचं सांगितलं नाही, कारण ते तिचं सांगायचं नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं, “बरं, जा आता,” म्हणाल्या आणि दार लावलं. साधी कॉफी विचारली नाही. कोर्पिवारात वसुलीला आलेल्या माणसालाही कॉफी मिळते. ओस्मोने हे ऐकलं आणि तो गावजेवणाला किती वाटाणे लागतील ते मांडायला बसला.

पेपरात आलंच, ‘शिकार मंडळाच्या प्रमुखावर चोरट्या शिकारीचा गुन्हा’. या खेपेला ‘चोरट्या’ हा शब्द चांगला ठळक होता. गाभण मादी मारणारे दोघे मोकळे हिंडत होते आणि सगळ्या टापूत कागदोपत्री चोरटी शिकारीण एकच होती, ती म्हणजे राइली. मंडळाच्या बैठकीत तिने राजीनामा दिला. गुन्हा नोंदलेल्या माणसाने प्रमुख राहायचं नाही, हा नियम तिनेच कधीकाळी करून घेतला होता. तिच्या जागी तार्मोचं नाव ठरलं. काहींनी गावजेवण रद्द करा म्हटलं, मांसच नाही तर बोलावता कशाला? राइली म्हणाली, आमंत्रणं गेली आहेत, जेवण होणार.

तर मुसाच्या जेवणाला त्या वर्षी मूसच नव्हता. गावच्या लाकडी हॉलमध्ये ओस्मोने वाटाण्याच्या सुपाचा हंडा चढवला, डुकराचं थोडं खारवलेलं मांस घातलं, काळा पाव आणि लोणी मांडलं. राइली दाराकडे पाठ करून टेबलं पुसत राहिली. पुसलेलीच टेबलं पुन्हा पुसत होती. आज कुणी आलं नाही तर गावाने तिला काय ठरवलं ते उघड होणार होतं.

पण माणसं आली. आधी दोघं-तिघं, मग घोळकेच्या घोळके. मुसाविना मुसाचं जेवण कसं असतं ते बघायलाच निम्मी आली होती. दुकानदार म्हातारबाने पळीभर सूप वाढून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने ओस्मोला विचारलं, “वाटाणे तरी आपल्याच हद्दीतले ना रे?”

“परवान्याचे आहेत,” ओस्मो म्हणाला. “मोजून आणलेत.”

हॉलभर हशा पिकला. राइलीलाही हसू आवरेना. लोक थट्टा करतायत म्हणजे आपल्याला टाकलेलं नाही, एवढं गाव तिला कळत होतं.

तेवढ्यात लेम्पीबाई आल्या. बरेच हात खिशातून बाहेर आले. बाईंनी वाडगा भरून घेतला, खिडकीशी बसून सगळं सूप संपवलं. राइलीने ठरल्याप्रमाणे उभं राहून दोन वाक्यं सांगितली. चूक माझी होती, आणि पुढच्या वर्षापासून मंडळ तार्मो बघेल.

तार्मो आभार मानायला उठला. कानापर्यंत लाल झाला. शेवटी बाईंकडे वळून म्हणाला, “बाई, दोर मी सोडला होता. ओढून घेऊ, कुणाला कळणार नाही, असं मीच म्हणालो. हिने ओढू दिलं नाही. मला प्रमुख करू नका.”

मंडळातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सगळे राइलीकडे बघायला लागले आणि राइली हंड्याकडे.

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “त्या संध्याकाळी बर्फ पडलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघून आले. तुझ्या गाडीच्या चाकोऱ्या चरापर्यंत येऊन परत फिरल्यात, आणि मधे नुसता दोर फरफटल्याची खूण आहे.”

“मग इतके दिवस तुम्ही काही बोलला का नाहीत?” तार्मोने विचारलं.

“तू बोलतोस का ते बघत होते.”

बाईंनी काठी टेकली आणि त्या उठल्या.

“मुसाला फरक कळत नाही, हे मी आजही म्हणते,” त्या राइलीला म्हणाल्या. “पण माझ्या रानात कोण हिंडतंय, याचा मला फरक पडतो. जंगल परत मंडळाला देते. प्रमुख तू असशील तरच. तो गुन्हा नोंदलेल्याचा नियम कुणी केलाय?”

“मीच, बाई.”

“मग उद्या बदलून घे. आणि तार्मोला हाताशी धर, पोरगा सुधारतोय.”

राइलीने तिथंच, सगळ्या गावासमोर, हातातल्या ओल्या फडक्यात तोंड घालून रडून घेतलं. टेबल पुसायचं फडकं होतं ते, पण तिला कुणी थांबवलं नाही. ओस्मोने बाईंचा रिकामा वाडगा उचलला आणि न विचारता पुन्हा काठोकाठ भरला.