दगडी उंटाची मान

धाकटा भाऊ नोकरी बदलून हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि पहिल्याच दिवाळीला बाबांसाठी संगमरवरी बुद्धिबळ घेऊन आला. परदेशी साहेबांना ताजमहाल दाखवायला कंपनीनं त्याला आग्र्याला पाठवलं होतं, तिथून आणलेलं. पांढऱ्या-हिरव्या दगडाचा पट, सोंड उचललेले हत्ती, मान ताठ केलेले उंट. बाबा एकेक मोहरा मखमलीतून काढून उजेडात धरत होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होतो. मी आणलेल्या कुठल्याही वस्तूकडे त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

बुद्धिबळ हे बाबांचं आणि माझं होतं. मी कारखान्यातून बिबवेवाडीला घरी पोचायचो, हातपाय धुवायचो, तोवर त्यांनी लाकडी पट मांडलेला असायचा. धाकटा लहानपणी मध्ये घुटमळायचा, तेव्हा "अभ्यास कर जा" म्हणून आम्ही त्याला आतल्या खोलीत पिटाळायचो. त्यानं अभ्यास केला आणि तो पुढे गेला. त्याला सगळं मिळू दे, संध्याकाळ तरी माझी आहे, अशी मी मनाची समजूत घालायचो. आता तिथंही तो येऊन बसला होता.

जाताना त्यानं बजावलं, "नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा. आंबट काही लावू नका, पॉलिश जातं."

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "शोकेसमध्ये ठेवू. रोज खेळायला टिकायचं नाही हे."

"वा! खेळायचं नाही तर त्यानं आणलं कशाला?" मी म्हणालो. "आजपासून यावरच खेळू."

घरच्यांना वाटलं, मी मोठ्या मनानं बोललो. मला ते तुटायला हवं होतं. तुटलं की बाबा म्हणतील, आपलं लाकडीच बरं, आणि मी माळ्यावर टाकलेलं ते खाली काढीन.

तुटलंही. शह देताना मोहरा आपटायची बाबांची जुनी सवय. "शह!" म्हणून त्यांनी उंट आपटला आणि उंटाची मान घरंगळत माझ्या राजापाशी येऊन थांबली. बाबा ओशाळले.

"असू द्या हो, दगडच तो," मी म्हणालो. आतून मला इतका आनंद झाला होता की मी पाण्याच्या निमित्तानं उठून गेलो.

बाबांनी मान चिकटवली. ती थोडी तिरकी बसली. पुढे एका हत्तीची सोंड गेली. मोहऱ्यांच्या तळाचं कापड सुटलं आणि दगडावर दगड घासून चरे पडले. एकदा बायको देवांची भांडी घासून उरलेल्या चिंचेनं पट पुसायला बसली. भावाचे शब्द मला आठवत होते. मी पेपर वाचत राहिलो. पटाची चकाकी गेली.

पण बाबांनी लाकडी पट मागितला नाही. त्यांनी हातच बदलला. मोहरा बुडाशी धरायचे, अलगद टेकवायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "शह." ते आपटणं मला किती आवडत होतं, ते बंद झाल्यावर कळलं.

भाऊ पुन्हा आला तेव्हा मी पट त्याच्यापुढे ठेवला. "बघ तुझं आग्र्याचं बुद्धिबळ. गंडवलं तुला दुकानदारानं. शोभेचा माल आहे हा."

त्यानं उंट उचलला. मानेवरच्या जोडावरून अंगठा फिरवला. "तुम्ही रोज खेळता यावर?"

"रोज," बाबा म्हणाले. "मी शोकेसमध्ये ठेवणार होतो. तुझा दादा ऐकतोय कुठं!"

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. "दादा, मला वाटलेलं, मी दिलेल्या इतर वस्तूंसारखं हेही खोक्यातच असेल." मग तो बाबांसमोर, माझ्या जागेवर बसला. "बाबा, एक डाव?"

मी उभ्यानं तो डाव पाहिला. भाऊ हरला आणि हसत उठला. "मग लाकडी पडूनच असेल ना? मी नेऊ? मुलीला शिकवीन."

"ने की," बाबा म्हणाले. "इथं कोण वापरतंय!"

माझी काय बिशाद होती नाही म्हणायची? स्टुलावर चढून मीच तो पट काढला आणि शर्टाच्या बाहीनं धूळ पुसून त्याच्या हातात दिला.

बाबा आता नाहीत. शेवटपर्यंत आम्ही दगडावरच खेळलो. त्या पहिल्या वर्षानंतर फारसं काही तुटलं नाही. पातळ, बाहेर आलेले भाग तेवढे गेले. प्यादी आजही नव्यासारखी आहेत. रोजच्या खेळाला तो पट टिकला, हे मला भावाला सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही.

हडपसरला त्याच्याकडे गेलो की पुतणी लाकडी पट मांडते. परवा तिनं "शह!" म्हणून घोडा असा आपटला की मी दचकलो.

"हे कुणी शिकवलं गं?"

"माझ्या बाबांनी. ते आतल्या खोलीत अभ्यास करायचे ना, तेव्हा आजोबांचा आवाज ऐकायचे."

भाऊ शेजारीच होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडचा दगडी पट गप्प आणि तो आवाज त्याच्या घरात, एवढंच डोक्यात होतं.

"काका, राजा हलवा ना," पुतणी म्हणाली.

मी हलवला.