गिळलेली अक्षरं

माझे सासरे आष्टीच्या बाजारात बैलाचा भाव करायला लागले की दुसऱ्या टोकाची माणसं आपापले सौदे सोडून ऐकायला यायची, असं सासूबाई सांगतात. यात थोडं तिखटमीठ असेल, पण फार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आष्टीला गेले तेव्हा मामंजी मला हाक मारतायत की माझ्यावर रागावतायत, हेच बरेच दिवस कळत नव्हतं. हाक मारत होते.

अशा माणसाला लकवा झाला आणि त्यानं नेमकी वाचाच नेली. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, तोंडातून मात्र नुसतं 'अं अं'. आम्ही दोघांनाही जालन्याला, मस्तगडच्या आमच्या घरी आणलं. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, बोलणं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल, तेही नेमानं. शिकवणारं माणूस जालन्यात नव्हतं आणि औरंगाबादच्या सारख्या खेपा मामंजींना झेपल्या नसत्या. मग डॉक्टरांनीच पुण्याच्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या कॉम्प्युटरवरून शिकवायच्या. आमच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि ते कशासाठी घेतलं, याला माझ्या नवऱ्याकडे धड उत्तर नव्हतं. ते त्याला आयतंच मिळालं. संध्याकाळी तो कॅमेरा घेऊन घरी आला.

भारनियमनाच्या सवडीनं आमचा वर्ग भरू लागला. मामंजी टोपी घालून, कोर्टात साक्षीला बसावं तसे कॉम्प्युटरपुढे बसायचे. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन दाराशी. "त्या बाईला आपलं सैपाकघर दिसून राह्यलं का गं?" असं त्यांनी मला विचारलं आणि मी नाही म्हटलं तरी खरकटी भांडी आडोशाला सरकवली. बाईंचं चित्र मधेच थिजायचं, ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. एकदा तसं झालं तेव्हा मामंजींनी बाईंच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले.

शब्द आले. आधी कप, मग घर, मग पाणी. पाण्यापाशी गाडी अडली, कारण मामंजी 'पानी' म्हणाले. बाई म्हणाल्या, "जीभ वर टाळूला लावा, काका. पाणी." तो बाणातला ण मामंजींच्या तोंडात उभ्या जन्मात कधी बसला नव्हता, पण हे बाईंना सांगणार कोण? पुढं वाक्यं आली तेव्हा मामंजी म्हणाले, "गेल्तो." बाई काळजीत पडल्या. "मधली अक्षरं गिळताय, काका. गेलो होतो, असं म्हणा." 'न्हाई'चंही तेच झालं. आम्ही सगळे माना डोलावत होतो. पुण्याच्या बाई चूक म्हणतात म्हणजे ती चूक असणारच, अशी आमच्या घराची पक्की समजूत. मामंजींनी तर धसकाच घेतला. जुनं बोलणं तोंडात आलं म्हणजे आजार परतला, असं त्यांच्या मनानं धरलं. मग ते प्रत्येक शब्द पारखून, पुसून बाहेर काढायला लागले.

एके दिवशी ते सासूबाईंना म्हणाले, "मला जरा पाणी देता का?"

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं, कोण पाहुणं आलंय म्हणून.

पुढच्या आठवड्यात आष्टीहून मामंजींचे धाकटे भाऊ भेटायला आले. मामंजी त्यांना म्हणाले, "मी ठीक आहे. तुम्ही जेवलात का?" काकासासरे बिचारे पिशवी हातात धरून उभेच राहिले. मग सैपाकघरात येऊन सासूबाईंना हळूच म्हणाले, "वहिनी, दादाला काय झालं वो? तहसीलदारावानी बोलून राह्यले." मुक्कामाला आलेला माणूस संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

मला हसू आवरत नव्हतं. पण तो गेल्यावर लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या, "बोलाया लागले, देवाची कृपा. पण ह्ये माझे न्हाईत गं. माझ्यावर वरडत बी न्हाईत. दुसरंच कोनतरी माझ्या घरात जेवून राह्यलं." माझं हसू जागच्या जागी विरलं. आम्ही वाचा परत आणली म्हणून खूश होतो आणि ही बाई अजून नवऱ्याची वाट पाहत होती.

शेवटचा वर्ग आला. बाई म्हणाल्या, "आज चित्रं नाहीत. गेल्या आठवड्यात काय केलं, ते तुमचं तुम्ही सांगा. हे जमलं की आपण थांबू."

मामंजी सावरून बसले. "मी मुलाबरोबर मंठ्याला गेलो होतो. तिथे मी एक बैल पाहिला. तो पांढरा होता."

"तांबडा व्हता," दारातून सासूबाई म्हणाल्या.

"पांढरा होता."

"तांबडाच. पोरानं सांगितलं मला."

त्यांनी मुद्दाम खोडी काढली की सवयीनं तोंड घातलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पोरानं असलं काही सांगितलं नव्हतं, एवढं मात्र मी नंतर विचारून घेतलं. मामंजी खुर्चीसकट वळले.

"तू गेल्ती का मी गेल्तो? बिलकुल पांढरा व्हता! काय बी म्हाईत न्हाई अन् मदी मदी बोलून राह्यली!"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. दुसऱ्याच क्षणी त्यांचा हात तोंडावर गेला आणि ते घाबरून पडद्याकडे बघायला लागले. बाई समजुतीनं म्हणाल्या, "काका, पुन्हा अक्षरं गिळलीत."

सासूबाई दारातून आल्या त्या थेट कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"गिळू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "घरचीच हायेत."

मामंजींनी तोंडावरचा हात हळूच काढला.

"पांढराच व्हता," ते म्हणाले.