कीबोर्डातल्या अक्षता

दसऱ्याला आमच्या ऑफिसात लॅपटॉपची पूजा होते. टेक्नॉलॉजी हेड मीच, त्यामुळे पूजाही माझ्याच हातून. मी फक्त झेंडू वाहू देते, अक्षता नाहीत. सगळे हसतात.

धुळ्याच्या कॉलेजात एका कॉम्प्युटरला आम्ही तिघं असायचो. कीबोर्डवर दोघे मुलगे, आणि अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. घरी मी कागदावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं चालवायचे. एका दसऱ्याला लॅबचे शिपाई नाना यांनी भक्तिभावाने थेट कीबोर्डवरच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी निम्मी बटणं दबेनात. मुलं नुसती बघत राहिली. मी हेअरपिनने एकेक बटण उचकटलं, तांदूळ काढले आणि दुसऱ्या कीबोर्डकडे न बघता सगळी बटणं जागच्या जागी बसवली.

"बठ वं माय, हाई खुर्ची तुनीच शे," नाना अहिराणीत म्हणाले आणि मला कीबोर्डसमोर बसवलं.

हा किस्सा मी वर्षानुवर्षं फुशारकीने सांगत आले. आज झेंडूच्या वासाने त्याच्या पुढचंही आठवलं. कीबोर्ड चालू झाल्यावर ते दोघे मुलगे जवळ आले, तशी मी उठले आणि वही हातात घेतली. मला ऊठ असं कोणी म्हटलंच नव्हतं.