पोराचं रडार आणि माझी एकविसावी संकष्टी

माणसाने किती हुशार असावं याला काही मर्यादा हवी की नको? मला नव्हती. सांगते कशी ते. पण आधी चहा घ्या, गार होईल. आणि हसायचं असेल तर सगळं ऐकून झाल्यावर हसा.

आमचा प्रकाश हवाई दलात रडारचा टेक्निशियन होता. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. एरंडोलसारख्या गावातला मुलगा, बाप सोसायटीत कारकून, आई माझ्यासारखी उपासतापास करणारी, आणि पोरगा पार पंजाबकडे विमानतळावर. मी गावात सगळ्यांना सांगायचे, "आमचा प्रकाश विमानं उतरवतो."

तो सुट्टीवर आला की माझी चूक दुरुस्त करायचा. "आई, विमान पायलट उतरवतो. त्याला वाट सांगणारा माणूस वेगळा असतो. त्या माणसाला विमान दिसावं म्हणून जे यंत्र असतं, ते मी नीट ठेवतो."

"म्हणजे तू नसलास तर विमान उतरणार नाही."

"तसं नाही गं."

"मग तू नीट नाही ठेवलंस तर?"

"मग अवघड आहे."

झालं तर मग. मधलं मी गाळायचे, एवढंच.

एकदा त्याने मला स्वयंपाकघरात परात घेऊन समजावलं होतं. परातीच्या मधोमध लाटण्याचं टोक धरून गोल फिरवलं आणि म्हणाला, "पडद्यावर अशी रेघ फिरते. जिथे विमान असेल तिथे ठिपका उमटतो. ढग असो, धुकं असो, काळोख असो, डोळ्याला दिसत नाही ते यात दिसतं."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ ते.

गावावरून उंच विमान गेलं की गल्लीतल्या बायका मला हाक मारायच्या, जसं काही ते प्रकाशला विचारूनच चाललंय. मीही डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर यायचे आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभी राहायचे. खोटं कशाला सांगू, छाती भरून यायची.

तर पुढच्या दोनेक वर्षांत त्याचं एक मोठं काम व्हायचं होतं. परीक्षा होती. ती पास झाला की रडारचा ताबा स्वतंत्रपणे त्याच्याकडे येणार होता. तोवर तो दुसऱ्याच्या हाताखाली. मी पद्मालयाच्या गणपतीला बोलून बसले, "एकवीस संकष्ट्या करीन, चंद्र बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही, पण ते यंत्र माझ्या पोराच्या हाती येऊ दे."

वीस संकष्ट्या निर्विघ्न पार पडल्या. एकविसावी आली श्रावणात.

सकाळपासून आभाळ असं भरलेलं की दुपारी दिवा लावून भाकरी थापल्या. कॅलेंडरात चंद्रोदय सव्वानऊचा. ती वेळ झाली, गल्लीतल्या बायकांनी आभाळाला हात जोडले आणि जेवून घेतलं. ढग असले की सगळे तसंच करतात. पण मी बोलले होते ना, चंद्र बघितल्याशिवाय नाही.

आमच्या सासूबाई, जिजी, खाटेवरून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठासनं जेवण व्हयनं. तू एकलीच काबर बशी शे?"

"चंद्र दिसला नाही, जिजी."

"चांद ढगमा बी चांदच शे. जेवी ले."

"आणि नवस?"

"देव काय तुन्हा ताटमा दखी राह्यना का?"

शेजारची सुमन पण समजावून गेली. आमचे हे कामासाठी धुळ्याला गेलेले, नाहीतर त्यांनी हाताला धरून पाटावर बसवलं असतं. मी दारात बसून वर बघते, आणि बघता बघता मला ते परातीतलं वाक्य आठवलं.

ढग असो, काळोख असो, त्यात दिसतं. अहो, एवढंसं विमान दिसतं, मग चंद्र का दिसणार नाही? आणि पोटच्या पोराचे डोळे म्हणजे माझेच की. त्याने बघितला म्हणजे मी बघितला. इतका सोपा मार्ग आणि मी सव्वानऊपासून मान वर करून बसलेय.

प्रकाशने त्याच्या तिथला एक नंबर लिहून दिला होता. "अगदीच अडचण आली तर," असं तीनदा बजावून. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवलेला. तो घेतला, छत्री घेतली, सुमनला सोबत घेतलं आणि निघाले रमेशभाऊच्या एसटीडी बूथवर. रमेशभाऊ शटर ओढायच्या बेतात होता.

"अक्का, या वेळेला? घरी सगळं बरं शे ना?"

"बरं आहे. प्रकाशला एकच शब्द विचारायचाय."

त्याने पंधरा-वीस वेळा नंबर फिरवला. शेवटी लागला. पलीकडून खणखणीत आवाजात हिंदी सुरू झालं. माझं हिंदी म्हणजे आठवडेबाजारात बांगडीवाल्याशी बोलण्यापुरतं.

मी म्हटलं, "प्रकाश को बुलाव."

"वो ड्यूटी पर है. आप कौन?"

"उसकी आई. ड्यूटी पर है, इसीलिए तो फोन किया."

"कोई इमर्जन्सी है, माताजी?"

आता तुम्हीच सांगा, नव्हती का? मी म्हटलं, "है ना. मैंने सबेरे से पानी भी नहीं पिया."

तिकडचा आवाज एकदम मऊ झाला. "खाना?"

"खाना तो कल रात का."

"घर में और कौन है?"

"सास है. बूढी है. मालक बाहरगाव है."

"डॉक्टर को दिखाया?"

मला वाटलं, किती काळजीने विचारतोय. आपल्या पोराबरोबरची माणसंच चांगली. "डॉक्टर क्या करेगा? प्रकाश बोलेगा, तभी पानी पिऊंगी. उसको बोलो..."

आणि वीज कडाडली. फोनमध्ये खर्र झालं आणि मग काहीच नाही. चंद्राचा च सुद्धा माझ्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. रमेशभाऊने पुन्हा खटाटोप केला, पण लाईन गेली ती गेलीच.

आम्ही परत निघालो. आणि देवाची करणी बघा, मारुतीच्या देवळापाशी आलो तर ढगाला भोक पडलं आणि त्यातून चंद्र. घटकाभरच, पण स्वच्छ. मी रस्त्यातच हात जोडले, घरी येऊन अर्घ्य दिलं, जेवले आणि शांत झोपले. फोनचं पार विसरून गेले हो. काम झालं होतं ना.

दुसऱ्या दिवशी पद्मालयाला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी घरी मावंदं घातलं. नवस फिटला म्हणजे चार माणसं जेवायला नकोत का? वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं, दारात चपलांचा ढीग, आत पुरुषांची पंगत बसलेली. पहिला घास घेताना माणसं जशी गप्प होतात तशी सगळी गप्प.

नेमका त्याच वेळी प्रकाश गल्लीत शिरला.

जळगावपर्यंत रेल्वेत उभ्याने आलेला, तिथून एसटी. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात नुसती पिशवी. त्याने काय बघितलं? दारात चपला. अंगणात पातेलं. आत इतकी माणसं आणि आवाज नाही. त्याच्या हातातली पिशवी तिथेच चिखलात पडली.

"आई," अशी काही हाक मारली त्याने, की आतल्या पंगतीतली माणसं घास हातात घेऊन दाराकडे वळली.

मी तुपाची वाटी घेऊनच बाहेर आले. "अरे, तू? कळवलं नाहीस. बस पटकन, बट्ट्या गरम आहेत."

तो ओट्यावर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होता की हसत होता, मला कळेना. त्याला पण कळत नसावं.

"तू अन्नपाणी सोडलंयस म्हणून फोन आला ना. माझं नाव घेऊन बसलीयस म्हणे. साहेबांनी त्याच रात्री रजेवर सही केली. म्हणाले, यंत्र आम्ही बघू, तू आधी आईला बघ."

"असं म्हणाले? फार भला माणूस."

"आई, तू फोन कशाला केला होतास?"

मी सांगितलं. सगळी पंगत ऐकत होती. एकाला ठसका लागला.

प्रकाश हळूच म्हणाला, "आमच्या रडारवर चंद्र दिसत नाही. आम्ही बसतो त्या खोलीला खिडकी पण नाही. चंद्र बघायचा तर मला तुझ्यासारखंच बाहेर येऊन मान वर करावी लागते."

"मग यायचं बाहेर. मान काय दुखली असती?"

पण खरी गोष्ट पुढेच होती. त्याची परीक्षा आठवड्यावर आलेली. आई गंभीर आजारी म्हणून रजा मिळालेली, आणि परत जाताना डॉक्टरचा दाखला न्यायचा होता. दाखला नाही, तर खोटं सांगून रजा घेतली असं होणार. मग कसली परीक्षा आणि कसला ताबा? ज्या गोष्टीसाठी एकवीस संकष्ट्या केल्या, ती मी एकविसाव्या संकष्टीलाच पाण्यात घातली होती. माझे हातपाय गार पडले. म्हटलं तर आता मी खरीच आजारी होते.

मी, प्रकाश आणि जिजी, आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. आमचे जुने डॉक्टर, प्रकाशला लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली. "वहिनी, तुम्ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. मी लिहू काय?"

जिजी पुढे झाल्या. "मन्हा नाववर लिखी टाका. या वयमा मले काय बी व्हई सकस."

"जिजी, आई असं पाहिजे, आजी नाही," डॉक्टर म्हणाले.

प्रकाश खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरकाका, साधा ताप लिहिलात तरी चालेल."

मी म्हटलं, "नाही. कालच देवाच्या पायावर डोकं ठेवून आले. आज खोटा ताप आणायचा नाही. जे झालं ते लिहा. गणपती बघून घेईल."

"आई, गणपती माझ्या युनिटात नाही गं."

"आहे. तू ये म्हण, येतो की नाही बघ."

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. मग इंग्रजीत भरभर लिहिलं, शिक्का मारला. घरी येऊन प्रकाशने मला मराठीत वाचून दाखवलं. तक्रार: चंद्र न दिसल्याने दिवसभर अन्न व पाणी घेतले नाही. निदान: हट्ट. उपचार: कॅलेंडरातील वेळ बघून जेवणे. सध्याची प्रकृती: आज दुपारी सहा बट्ट्या.

चारच होत्या. दोन त्यांनी मनाच्या घातल्या.

तो कागद घेऊन पोरगा गेला. पुढचे पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही, आणि या वेळी उपास पण नव्हता. पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर.

मग पाकीट आलं. परीक्षा पास, यंत्र त्याच्या ताब्यात. मी ते पत्र आधी देवापुढे ठेवलं, मग जिजींना वाचून दाखवलं, मग सुमनला, मग रमेशभाऊच्या बूथवर जाऊन रांगेतल्या लोकांना. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढ्या लांबून येणारी विमानं माझ्या लेकराच्या भरवशावर खाली येतात. या वेळी मधलं गाळावं लागलं नाही.

पाकिटात त्या दाखल्याची झेरॉक्स पण होती. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिलेल्या, त्यांचं मराठी प्रकाशने बाजूला करून दिलेलं. ती झेरॉक्स मात्र मी कोणाला दाखवली नाही, आज तुम्हालाच सांगते.

"दाखला मंजूर. माझ्या आईला पण हाच आजार आहे. फरक एवढाच, की तिला मी इथला नंबर दिलेला नाही."