लुसी आंटीच्या टेपवरचं इंग्रजी

आम्ही गिरगाव सोडलं तेव्हा आई गॅलरीत उभी होती. खाली आली नाही. टेंपोत कपाट चढलं, शिलाई मशीन चढलं, पाण्याची पिंपं चढली, ती वरूनच बघत राहिली. लग्न होऊनही मी त्याच चाळीत होते, तिच्यापासून चार दारं सोडून. दिराचं लग्न ठरलं, खोली एकच, म्हणून आम्ही भाईंदरला निघालो. टेंपो सुरू झाला तेव्हा ती वरून म्हणाली, "आता येशील ती पाहुणी म्हणून येशील." तसंच झालं. पुढच्या गणपतीत गेले तर तिने मला कपबशीतून चहा दिला. घरातल्यांना ती पेल्यात द्यायची.

तुम्ही चाळीतल्या बायका नेहमी विचारायचात, तिकडे कसं चाललंय. मी म्हणायचे, हवा चांगली आहे. ज्या माझ्यासारख्याच लांब जाऊन पडल्या, त्यांनी हे कधी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

भाईंदरच्या नवघरला आमची इमारत नवी, आजूबाजूला चिखल आणि त्यापलीकडे मिठागरं. पाणी दुपारी यायचं, तेही रोज नाही. आमचे मालक, म्हणजे सुषमाचे बाबा, पहाटे कामावर जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मुलगी सुषमा शाळेत. मी साड्यांना फॉल लावत बसायचे. वाणी गुजराती, वरचे मारवाडी, खालचे युपीचे. माझं हिंदी ऐकून वाणी हसायचा आणि मी त्याचा तराजू बघायचे.

समोरच्या दारातून दुपारी गिटार ऐकू यायची. तिथे लुसी आंटी राहायची. गोव्याकडची, विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचा नवरा हॉटेलात आणि लग्नात बँडमध्ये गिटार वाजवायचा. एकुलता मुलगा ऑस्ट्रेलियात. एकदा पाण्याची वाट बघत जिन्यात बसले होते, तर तिने दार उघडून विचारलं, "आवाज जास्ती है क्या?"

मी म्हटलं, "आवाज ठीक है. लेकिन वो आदमी बीच में रुकता क्यों है?"

तिने मला आत बोलावलं. टेप मागे घेतली, परत लावली. तो थांबला तिथे बोट वर केलं आणि म्हणाली, "वेट. ही वेट्स. जो रुकता नहीं वो बजाता नहीं, खाली मेहनत करता है."

माझं इंग्रजी तिथून सुरू झालं. माझी शाळा चौथीपर्यंतची, ए-बी-सी-डी सुद्धा सुषमाच्या पुस्तकात बघितलेली. आंटीकडे मोठमोठ्या वाजवणाऱ्यांच्या कॅसेटी होत्या. स्पेनचा एक म्हातारा, अमेरिकेचा एक आंधळा. आम्ही ऐकायचो आणि ती निकाल द्यायची. आवाज गोल असला की टोन. बोट तारेवर कसं पडतं तो टच. सूर एकमेकांत सांडले नाहीत तर क्लीन. उगाच भराभर वाजवलं की शो-ऑफ, आणि घाई केली की हरी. हरी मला लगेच कळलं. घाईत घातलेला टाका मी लांबून ओळखते, साडीची कडच सांगते.

हळूहळू मीही निकाल द्यायला लागले. "टू मच," मी म्हणायचे. आंटी म्हणायची, "तू तो जज हो गया, मॅन." मला ती मॅनच म्हणायची.

हे शब्द दुसरीकडे चालत नाहीत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सुषमाच्या बाईंनी शाळेत विचारलं, हाऊ इज शी ॲट होम? मी सांगितलं, टोन गुड, टच पुअर, ऑलवेज हरी. बाई रुमाल तोंडाला लावून हसल्या. रस्ताभर सुषमा माझ्या दोन पावलं पुढे चालली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, यापुढे बाबांना पाठव." मी पाठवलं. तो विषय तिथे संपला, आणि तिचं-माझं बरंच काही तिथेच संपलं.

मग आंटीला कमी ऐकू यायला लागलं. कानात मशीन आलं, पण त्यातून गिटार म्हणजे डबा वाजल्यासारखी येते म्हणायची. मुलाने पत्र पाठवलं की फ्लॅट विक आणि इकडे ये. जाण्याआधी एका दुपारी तिने कपाटातून एक कॅसेट काढली. इतकी वर्षं ती मला दाखवली नव्हती. तिच्या नवऱ्याची होती.

त्या नवऱ्याला बँडमधून काढलं होतं. तो मरेपर्यंत सांगत राहिला की बँडमास्टर जळतो. आंटीने ते मानलं. मुलालाही तेच सांगून वाढवलं, तुझा बाप ग्रेट, लोकांनी बुडवला. मुलगा चिडून म्हणायचा, ग्रेट होता तर आपण उपाशी का होतो. आता त्याच्याच घरी मरायला जायचं होतं.

"सब उसका दोस्त लोग बोला ग्रेट है," ती म्हणाली. "मेरा कान गया. अब तू सुन. झूठ नहीं मंगता."

मी दोनदा ऐकली. सुरुवात सुंदर होती. मग तो सुटला. कुठेच थांबला नाही, जसं कोणी हातातून गिटार काढून घेणार आहे. आंटी माझ्या ओठांकडे बघत होती. अच्छा है म्हणणं सोपं होतं. पण तिनेच शिकवलेले शब्द, त्यात खोटं कसं बोलायचं ते तिने शिकवलं नव्हतं.

"गुड," मी म्हटलं. "नॉट ग्रेट. ही कान्ट वेट."

"शुअर?"

"शुअर."

तिने टेप बंद केला. रडली नाही. कॅसेट डबीत घालत म्हणाली, "तीस साल हम वो बँडमास्टर का वाइफ को गुड मॉर्निंग नहीं बोला. चर्च में मुंह फिराया. उधर से घर बदला."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन उत्तनला गेली. बँडमास्टर वारला होता, बायको माहेरच्या गावी येऊन राहिली होती. अंगणात बोंबील वाळत होते, म्हातारी कावळे हाकलत बसली होती. आंटीने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, सॉरी म्हणाली. म्हातारीने डोळे बारीक करून बघितलं.

"आपलं भांडण होतं?" तिने विचारलं. "मना काय बी आठवत न्हाय गो. बस, चा पी."

आम्ही चहा प्यायलो. परतीच्या बसमध्ये आंटी खिडकीकडे तोंड करून बसली. भाईंदर आल्यावर म्हणाली, "उसको मालूम भी नहीं था, मॅन." यापलीकडे ती त्यावर कधी बोलली नाही. पुढच्या महिन्यात ती मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली. मुलाला तिने काय सांगितलं ते मला कळलं नाही.

सुषमा आता पुण्याला असते. नातवंडं इंग्रजी बोलतात, पण माझे शब्द त्यांच्या कुठल्याच बोलण्यात बसत नाहीत. मिठागरांच्या जागी टॉवर आले, चिखल गेला, पाणी रोज येतं. आई वारल्यावर तिची चाळीतली खोलीही गेली.

आंटीच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने माझ्या दारात चपलांचं कपाट ठेवलं. मला राग आला आणि मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. जिन्यात मान फिरवायचे. पावसाळा संपून दिवाळी आली. त्यांनी हसत फराळाचं ताट आणून दिलं. माझा अबोला त्यांना कळलाच नव्हता. चाळीत तुम्हाला तो संध्याकाळच्या आत कळला असता, आणि कोणीतरी दार वाजवून विचारलं असतं, काय गं, काय झालं? घर म्हणून मला तेवढंच हवं होतं. मी ताट घेतलं, आणि ते रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून त्यात साखर घालून दिली.