सांबराच्या कानामागचा वास

माझं नाक तिखट आहे, आणि मला नोकरीही त्या नाकामुळेच मिळाली. चेन्नईजवळ गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात आम्ही मोटारींच्या सीटचं कापड आणि आतले प्लॅस्टिकचे भाग बनवतो. गाडी उन्हात तापल्यावर आत कसला वास येईल, हे आधीच तपासावं लागतं. त्यासाठी कापडाचा तुकडा काचेच्या बरणीत घालतात, झाकण लावून गरम करतात, आणि मग आम्ही काही जण झाकण किलकिलं करून हुंगतो. नियम कडक आहेत. त्या दिवशी अत्तर नाही, गजरा नाही, केसांना तेल नाही. मी हुंगून "हा गोंदाचा वास" म्हटलं की दोष गोंदातच निघतो. उगाच बढाई मारत नाही, तिथे कुणालाही विचारा.

अशा माझ्या घरात वास यावा, ही मला स्वतःची बेअब्रू वाटत होती. आणि वास येत होता सांबराला.

सांबर म्हणजे भुसा भरलेलं मुंडकं, मानेपर्यंतचं, वर फांद्यांसारखी शिंगं. नवऱ्याच्या आजोबांनी शिकारीला बंदी नव्हती त्या काळात मारलेलं. वनखात्याची परवानगी वगैरे सगळं रीतसर. सासूबाई तंजावरच्या, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या. सासरे गेल्यावर त्या आमच्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या एक ट्रंक आणि हे सांबर घेऊन. ते हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागलं. पहिल्या वर्षी वास जेमतेम जाणवायचा. पुढे पुढे मात्र पाहुणे दारातच थबकायला लागले, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फार सभ्यपणे विचारलं, "तुमचं गटार तुंबलंय का?"

नवऱ्याने लॅव्हेंडरचा स्प्रे आणला. मग लॅव्हेंडरच्या शेतात सांबर मेल्यासारखा वास यायला लागला. सासूबाई दर शुक्रवारी सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर देत. तासभर हॉल देवळासारखा दरवळे, धूर विरला की मूळ वास परत जागेवर. माझं म्हणणं होतं की वास झाकायचा नसतो, शोधायचा असतो. पण घरात तज्ज्ञाला कोण विचारतो!

एका रविवारी जेवताना नवरा म्हणाला, "अम्मा, दिवाळीच्या आत हे वनखात्याला देऊन टाकू या."

सासूबाईंनी रसम-भात कालवता कालवता शांतपणे उत्तर दिलं. "होव, दे. मग मलापण तंजावरला सोड. बहिणीच्या घरी एक खोली रिकामी आहे."

नवऱ्याला वाटलं, रागाने बोलल्या. मला तसं वाटलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची ट्रंक पलंगाखालून बाहेर आली आणि कपाटातल्या साड्या एकेक करून तिच्यात जायला लागल्या.

मला त्या जायला नको होत्या. हे स्पष्टच सांगते. सांगलीहून इथे आल्यापासून माझ्याशी मराठीत भांडणारं माणूस म्हणजे त्या एकट्या. नवरा माझ्याशी इंग्रजीत बोलतो आणि फोनवर तमिळमध्ये. सासूबाईंची मराठी जुनी, तमिळ हेल काढलेली, पण मी कारखान्याच्या बसमधून अख्खं शहर ओलांडून घरी आले की "इतका वेळ का मा?" असं विचारायला त्याच असतात. सासू जाईल म्हणून सून हवालदिल झाली, हे फोनवर ऐकून माझी आई खूप हसली.

"सांबर माझ्या ताब्यात द्या," मी जाहीर केलं. "वास मी काढते."

"ते सीट कव्हर नाहीये," नवरा म्हणाला.

"बरणी बरणीच असते," मी म्हटलं आणि कामाला लागले.

जुन्या काळी अशा कातड्यांना कीड लागू नये म्हणून विषारी पावडर चोळत, म्हणून आधी हातमोजे आणि मास्क घातला. मुंडकं खाली उतरवलं. कापसाचे बोळे करून एक नाकावर घासला, एक मानेवर, एक मागच्या लाकडी फळीवर, एक कानांच्या मागे. प्रत्येक बोळा वेगळ्या बरणीत, झाकण घट्ट, आणि बरण्या बाल्कनीच्या उन्हात. चेन्नईच्या उन्हापुढे आमच्या कारखान्याची भट्टी काहीच नाही. "अय्यो, माझ्या लोणच्याच्या बरण्या!" सासूबाई आतून ओरडल्या. मी लक्ष दिलं नाही.

दुपारनंतर मास्क काढून एकेक झाकण उघडलं. फळीला भिंतीच्या ओलीचा वास. मानेला धूळ आणि सांब्राणी. नाकाला जुना रंग. कानामागच्या बरणीशी मात्र मी झटकन मागे सरले, आणि मग मला हसू आलं. इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं की आत काहीतरी कुजतंय. हा वास चक्क खवट होता, डब्यात विसरलेल्या चकल्यांसारखा. तिळाचं तेल.

"आई, याला तेल कोण लावतं?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मी. दिवाळीला घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायचं असतं ना मा. तो घरातला नव्हे?"

त्यांच्या घरात ही रीतच होती. दिवाळीच्या पहाटे थोरल्या बाईने सगळ्यांच्या टाळूवर तेल घालायचं, आणि शेवटी स्टुलावर चढून सांबराच्या शिंगांमध्ये एक थेंब.

"वर्षातून एका थेंबाने एवढा वास येत नाही," मी म्हटलं.

खिडकीचा पडदा सारखा करत त्या म्हणाल्या, "शनिवारीपण लावते."

शनिवार हा तिकडे पुरुषांच्या तेल लावून न्हाण्याचा दिवस. लग्न झाल्यापासून दर शनिवारी त्या माझ्या सासऱ्यांच्या डोक्याला तेल लावत आल्या होत्या. "ते गेले. हा जेल लावतो, डोक्याला हात लावू देत नाही. तुला ऑफिसात चालत नाही. शनिवार आला की माझे हात शिवशिवतात. मग मी कुणाच्या डोक्याला लावू?"

"आणि कानामागे इतकं?"

"तिथंच उष्णता साठते. ह्यांना तिथं जास्त लागायचं."

मी उगाच बरण्या विसळत बसले.

पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने केसांच्या दिशेने पुसत गेले. वर मक्याचं भरड पीठ भुरभुरलं, त्याने तेल शोषलं की मऊ ब्रशने झाडलं, आणि पुन्हा तेच. स्पिरिट पेट घेतं म्हणून त्या शुक्रवारी सांब्राणी बंद. "हळू, डोळ्याला लागेल त्याच्या," सासूबाई बजावत राहिल्या. सावलीत पंख्याखाली चांगलं वाळवून मुंडकं हॉलच्याच आतल्या कोरड्या भिंतीवर लावलं. पुन्हा बरणी तापवली आणि नवऱ्याच्या नाकाखाली धरली.

"काहीच येत नाही," तो म्हणाला. "राहू दे मग इथेच."

"राहणारच आहे," मी म्हटलं, आणि सासूबाईंना ताकीद दिली, यापुढे थेंबसुद्धा नाही.

"नक्को. लावत नाही," त्या म्हणाल्या.

वास गेला, पण ट्रंक तशीच उघडी राहिली. साड्या तिच्यातच. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या सांबराकडे बघत बसायच्या. मी जिंकले होते आणि तरी हरत होते.

शनिवारी सकाळी मी स्टूल हॉलच्या मधोमध आणलं, केस मोकळे सोडले आणि बसले.

"शनिवार पुरुषांचा," सासूबाई म्हणाल्या.

"सोमवारी कामावर मला नाक लागतं. उद्या शिकेकाईने दोनदा धुवेन. आज लावा."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेल तापल्याचा वास आला, ताजा, खमंग. वाटी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्याच्याकडे पाठ करू नको, वाईट वाटेल." मी निमूट स्टूल वळवलं. आधी टाळूवर तेल येईल म्हणून मी डोळे मिटले, तर बोटं थेट कानांच्या मागे गेली.

"किती उष्णता साठलीय मा इथं," त्या म्हणाल्या. मग तेल जिरवता जिरवता, "ती ट्रंक तेवढी पलंगाखाली सरकव नंतर. पायात येते."